सात बाय सत्तावन्न: मध्यम ताकदीचं काडतूस आणि आपलं कोकणातलं रान

सडेकर

जुन्या शिकारींच्या धाग्यावर परवा .३७५ वाले आणि .३०-०६ वाले (रायफलींची ही मापं, इंचात) यांची चांगलीच जुंपली होती. वाचायला मजा आली. पण त्यात कुणीतरी जाता जाता लिहून गेलं की "सात एमएम म्हणजे हरणं मारायची रायफल, तिला कोण विचारतो." तिथे उत्तर दिलं असतं तर मूळ विषय वाहून गेला असता, म्हणून हा वेगळा धागा.

आधीच सांगतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली आणि ती बंदच राहावी या मताचा मी आहे. हा धागा इतिहासाचा आणि लोखंडाचा. ज्यांना विषयच नको त्यांनी इथूनच परत फिरावं, राग नाही.

तर ७×५७ माऊझर, म्हणजे तीच सात एमएम. १८८६ साली फ्रान्सने बिनधुराची दारू सैन्यात आणली आणि सगळ्या युरोपची झोप उडाली. तोवरच्या रायफलींची गोळी अकरा-बारा मिलिमीटर जाड, नुसत्या शिशाची, आणि एक बार काढला की समोर धुराचा पडदा. नव्या दारूत जोर इतका की गोळी बारीक करून, तिला कठीण धातूचं आवरण चढवून दीडपटीहून जास्त वेगाने फेकता येऊ लागली. जर्मनीत ओबर्नडॉर्फच्या माऊझर कारखान्याने १८९२ मध्ये हे काडतूस बनवलं आणि १८९३ मध्ये स्पेनच्या सैन्याने ते घेतलं. नळी ७ मिमीची, पितळी केस ५७ मिमी लांब, एवढाच त्या आकड्यांचा अर्थ. पहिली गोळी १७३ ग्रेनची, म्हणजे ११.२ ग्रॅम, गोल नाकाची. वेग सेकंदाला सुमारे ७०० मीटर.

नाव झालं ते दोन युद्धांत. १८९८ मध्ये क्युबात सान हुआनच्या टेकडीवर सातेकशे स्पॅनिश शिपायांनी कित्येक पटींनी मोठ्या अमेरिकन फौजेला असं काही रोखून धरलं की अमेरिकनांची दोनशेवर माणसं मेली आणि हजारावर जखमी झाली. टेकडी शेवटी अमेरिकनांनीच घेतली, पण त्यांच्या सैन्यखात्याने धडा घेतला. १९०३ ची त्यांची स्प्रिंगफील्ड रायफल माऊझरच्याच नमुन्यावर बेतलेली आहे आणि त्यापोटी त्यांना माऊझरला पैसेही मोजावे लागले. १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर (तिथे वसलेल्या डच वंशाच्या) शेतकऱ्यांनी हेच काडतूस इंग्रजांवर चालवलं. इंग्रज इतके हबकले की फौजेची .३०३ टाकून .२७६ चं नवं काडतूस आणायचं घाटत होतं. १९१३ मध्ये त्याच्या चाचण्याही चालल्या होत्या. पुढच्या वर्षी महायुद्ध उभं राहिलं आणि तो बेत बारगळला.

शिकाऱ्यांपर्यंत ते आलं लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीमार्फत. माऊझरचीच रायफल, पण देखणा अक्रोडाचा दस्ता, हलकी नळी, आणि नाव .२७५ रिग्बी. साहेब दुकानात जाऊन जर्मन मिलिमीटर कसे मागणार! रिग्बीने १४० ग्रेनची टोकदार गोळी घेतली, वेग ८२० मीटरच्या आसपास. ७ मिमी म्हणजे .२७५ इंच हे बरोबर, पण गोळी स्वतः .२८४ इंचाची असते, कारण नळीतल्या खाचा भरून तिला पीळ धरावा लागतो. जुन्या कागदपत्रांत हे तिन्ही आकडे दिसतात आणि लोकांना वाटतं तीन वेगळ्या रायफली.

आता ताकद. नळीच्या तोंडाशी जुन्या जड गोळीत २७०० ज्यूलच्या आसपास ऊर्जा, रिग्बीच्या हलक्या गोळीत ३००० च्या थोडी वर. थ्री-नॉट-थ्रीमध्ये, म्हणजे .३०३ मध्ये, ३१०० च्या आसपास. .३७५ मॅग्नममध्ये ५७०० च्या वर. म्हणजे आपली सात एमएम मधल्या बाकावरची, याबद्दल वादच नाही. मग एवढं नाव कशामुळे?

गोळीच्या लांबीमुळे. गोळीचं वजन पौंडात घेऊन त्याला व्यासाच्या वर्गाने (इंचात) भागलं की एक आकडा मिळतो. जाडीच्या मानाने गोळी जितकी लांब आणि जड, तितका तो मोठा, आणि तितकी ती मांस-हाडातून सरळ आणि खोल जाते. १७३ ग्रेनच्या सात एमएमचा आकडा येतो ०.३०६. .३७५ च्या ३०० ग्रेनच्या गोळीचा येतो ०.३०५. ज्यांनी "हरणांची रायफल" म्हटलं त्यांनी हा भागाकार एकदा स्वतः करून बघावा. खोल जाण्याच्या बाबतीत निम्म्या ऊर्जेची रायफल थोरलीच्या पंक्तीला बसते. अशी लांब गोळी हवेत डुगडुगू नये म्हणून नळीतला पीळही घट्ट ठेवलेला, दर २२० मिमीला एक पूर्ण वेढा.

आणि धक्का. थोरल्या रायफलीचा बार काढायच्या आधीच माणूस नकळत खांदा आक्रसतो, चाप ओढण्याऐवजी हिसडतो. सात एमएमला ते होत नाही. माझ्या मते हिची निम्मी कीर्ती बंदुकीची नसून तिच्यामागे शांत बसू शकलेल्या माणसाची आहे.

डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश माणसाने आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, त्यातले बहुतेक .२७५ ने. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण त्याने हत्तीची कवटी करवतीने कापून मेंदू नेमका कुठे असतो ते पाहून ठेवलं होतं, हेही खरं. आणि आपल्याकडे नरभक्षकांचा शिकारी जिम कॉर्बेट. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी त्याला .२७५ रिग्बी भेट दिली, दस्त्यावर चांदीची पट्टी लावून. ती वाघीण या रायफलीने मारली असं लोक बिनधास्त सांगतात. रायफल बक्षीस म्हणून आली, म्हणजे वाघिणीनंतर! रुद्रप्रयागचा बिबट्या मात्र हिनेच मेला, २ मे १९२६ च्या रात्री. कॉर्बेट आंब्याच्या झाडावर बसला होता, खाली बकरी बांधलेली.

आता आपल्याकडचं. कोकणात ही रायफल किती होती? फारच थोडी. जंजिऱ्याच्या नबाबाचं फणसाडचं राखीव रान, सावंतवाडीचं संस्थान, एखादा गोरा अधिकारी, एवढ्यांच्या हातात असल्या वस्तू. गावात होती ती ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासायची), पुढे केपाची (कॅपने बार पेटणारी), आणि ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे बारा बोअरची दुनळी. त्यात गरिबी होतीच, पण नुसती गरिबी नव्हती. आपलं रानच तसं. करवंदीच्या जाळ्या, उतारावर ऐन-किंजळीची दाटी, पावसाळ्यानंतर माणूसभर वाढलेलं गवत. हाका उठला की डुक्कर दिसतं ते वीस-तीस पावलांवर, आणि तेही डोळ्याची पापणी लवेपर्यंत. तीनशे मीटरवर सपाट जाणारी गोळी त्या क्षणी काय कामाची? तिथे छर्रेच हवेत. सात एमएम ही उघड्या माळाची, हिमालयातल्या समोरासमोरच्या डोंगरउतारांची रायफल. सड्यावर, म्हणजे कातळी माळावर, कदाचित चालली असती, पण सड्यावर शिकार कुठे उभी राहते?

जाणकारांनी भर घालावी.

माका_काय

सडेकरानू, झकास लिवलात. आमच्या आज्याकडे ठासणीची होती. आजो सांगी, एक बार काढलो की धूर जायसर डुकर पल्याडच्या वाडीत. मगे सगळे एकमेकाक इचारूक लागत, लागला काय रे? रायफल कोणी बघलेली हा हय? राजाच्या माणसांकडे आसतली.

जुनेलोखंड

छान लेख. मी शिकारी नाही, धातूचा माणूस आहे, म्हणून माझ्या बाजूने थोडी भर.

लेखात काडतुसाचं पितळ एका ओळीत उरकलंत, पण खरी गंमत तिथे आहे आणि तिचा संबंध आपल्या पावसाळ्याशी आहे. काडतुसाची केस सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त अशा पितळाची असते. चकती ठोकत-ओढत तिची नळी करतात, शेवटी मान आवळतात. या सगळ्यात धातूत ताण अडकून राहतो. इंग्रजांच्या हिंदुस्थानातल्या फौजेला असं दिसायला लागलं की पावसाळ्यात साठवलेल्या काडतुसांना आपोआप तडे जातात. कुणी हात लावलेला नाही, आपटलेलं नाही, तरी मान फाटलेली. पावसाळ्यात हे काडतुसांचे साठे घोड्यांच्या तबेल्यांत ठेवले जात. घोड्याच्या मुताचा अमोनिया, हवेतला दमटपणा आणि पितळातला अडकलेला ताण, तिघे एकत्र आले की पितळ चिरतं. १९२१ मध्ये इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी याचा उलगडा केला. उपाय साधा निघाला: केस तयार झाल्यावर हलकी तापवून ताण काढून टाकायचा. सैन्याच्या काडतुसांच्या मानेवर निळसर-तपकिरी छटा दिसते ती त्या तापवण्याचीच.

आता आपल्या घरांचा विचार करा. पडवीला लागून गोठा, आणि पडवीतल्याच फळीवर काडतुसांचा डबा. आणखी काय पाहिजे?

दुसरं नळीबद्दल. जुन्या काडतुसांच्या टोपीत (बुडाशी ठिणगी देणाऱ्या कॅपमध्ये) पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार उडाला की नळीत पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मिठाचा सख्खा भाऊ. ते हवेतलं पाणी ओढतं आणि नळी आतून खाऊन टाकते. तेलात ते विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून जुने जाणते आधी नळीत उकळतं पाणी ओतायचे, फडक्याने कोरडी करायचे आणि मग तेल. ज्यांनी नुसतं तेल लावलं त्यांच्या नळ्या एका पावसाळ्यात गेल्या. समुद्रापासून पाच-दहा मैलांत तर विचारायलाच नको. कोकणात चांगल्या नळीची जुनी रायफल दुर्मिळ आहे त्यामागे हे मोठं कारण असावं असं माझं मत.

सडेकर

@जुनेलोखंड, वा! तबेल्याची गोष्ट मला ठाऊकच नव्हती. उकळत्या पाण्याचं ऐकलं होतं, पण त्यामागचं मीठ माहीत नव्हतं. आमच्याकडे एक म्हातारे नळीला खोबरेल लावायचे. त्यावर तुमचं काय म्हणणं?

जुनेलोखंड

नसण्यापेक्षा बरं. पण खोबरेल हळूहळू चिकट होतं, थंडीत थिजतं, आणि बोल्टमध्ये बसलं तर खटका अडखळतो. त्या काळी बंदुकीच्या दुकानांत रंगून ऑईल म्हणून मिळायचं, ते बरं.

पाटाचं_पाणी

लेख आवडला, पण एक शंका. भारतात नागरिकांकडे रायफल म्हटलं की सगळीकडे .३१५ दिसते. बँकेच्या दारातल्या रखवालदाराकडेसुद्धा. सात एमएम एवढी चांगली होती तर आपल्याकडे .३१५ का पसरली?

खाकीकागद

कारण .३१५ ही शिकाऱ्याने निवडलेली नाही, सरकारने निवडलेली आहे.

इंग्रजांना १८५७ नंतर एकच धास्ती, सैन्याचं काडतूस नागरिकांच्या हाती जाऊ नये. कारण ते गेलं की चोरलेल्या दारूगोळ्यावर बंड चालतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी .४५० बोअरच्या (बोअर म्हणजे नळीचं माप) रायफली हिंदुस्थानात आणायला बंदी घातली, का तर फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीची नळी त्याच मापाची. इंग्लंडच्या बंदूकवाल्यांचा धंदा बुडायला लागला, तेव्हा त्यांनी .४६५, .४७० अशी किंचित वेगळी मापं काढली. आज शौकीन ज्या .४७० चं कौतुक करतात ती अशी बंदीतून जन्मली आहे.

.३०३ चंही तेच. ती फौजेची, म्हणून नागरिकाला मनाई, आणि आजही ती प्रतिबंधित बोअरमध्येच आहे. मग बीएसए या इंग्लिश बंदूक कंपनीने काय केलं, ऑस्ट्रियाच्या सैन्याचं १८९० सालचं ८×५० मानलिखर काडतूस घेतलं. त्याच्या बुडाला .३०३ सारखीच कड असते, त्यामुळे ली-एनफील्डच्या (फौजेच्या .३०३ रायफलीच्या) यंत्रणेत ते फारशी मोडतोड न करता बसतं. नाव .३१५. स्वातंत्र्यानंतर पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्याने तीच वाट धरली आणि काडतुसं आपल्या पुण्याच्या खडकीच्या कारखान्यात होऊ लागली. बाहेरून बघितलं तर थ्री-नॉट-थ्रीची जुळी बहीण, म्हणून सिनेमावाले आणि वार्ताहर दोघंही फसतात.

ताकदीत म्हणाल तर मूळ ऑस्ट्रियन गोळी २४४ ग्रेनची, वेग ६२० मीटर, ऊर्जा ३००० ज्यूलच्या आसपास. म्हणजे सात एमएमइतकीच. फरक असा की ती जाड आणि सावकाश, त्यामुळे दोनशे मीटरच्या पुढे भलतीच खाली पडते.

आणि एक गंमत बघा. ७×५७ सुद्धा सैन्याचंच काडतूस होतं, पण स्पेनच्या आणि बोअरांच्या. हिंदुस्थानातल्या फौजेकडे ते नव्हतं, चोरायला मिळणार नव्हतं, म्हणून साहेबाला चाललं. कॉर्बेटच्या रायफलीमागे गोळीच्या लांबीइतकाच हाही हिशेब आहे.

पाटाचं_पाणी

हे भारीच. म्हणजे कुठली रायफल चांगली हे ठरवायचं काम कारकुनाचं!

दुनळी

लेख चांगला आहे पण थोडा एकांगी वाटला. ०.३०६ आणि ०.३०५ वाला भागाकार बरोबर आहे, त्यावरून "थोरलीच्या पंक्तीला" मात्र बसवू नका. खोल जाणं वेगळं आणि जनावर जागच्या जागी बसवणं वेगळं. गोळी बारीक असली की जखमही बारीक. अंगावर येणाऱ्या जनावराला थांबवायचं तर रुंद जखम आणि ऊर्जा लागते. कॉर्बेटकडे वाघांसाठी .४५०/४०० ची दुनळी होती, ती हौस म्हणून नव्हे.

बेलचं उदाहरण तर देऊच नये. तो चुकला असता तर त्याची गोष्ट सांगायला कुणी उरलं नसतं. आज आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत हत्ती-रेड्यासाठी .३७५ च्या खालची रायफल कायद्यानेच चालत नाही. ते लोक वेडे आहेत का?

सडेकर

@दुनळी, मुद्दा मान्य. अंगावर येणाऱ्या जनावरासमोर मीही सात एमएम घेऊन उभा राहणार नाही, दुनळी घेऊनही राहणार नाही, झाडावर चढेन. माझं म्हणणं फक्त "हरणांची रायफल" या शेऱ्याबद्दल होतं. सांबरापर्यंत, निवांत उभ्या बिबट्यापर्यंत ती पुरून उरते. त्यापुढे ती माणसाच्या हातावर अवलंबून आहे आणि बेलसारखे हात वारसाहक्काने मिळत नाहीत.

पक्षीवेडी

वाचत होते, लिहिणार नव्हते. पण "कीर्ती", "देखणा दस्ता" वगैरे वाचून राहवलं नाही. हजार हत्ती मारणारा माणूस मला तरी कौतुकाचा वाटत नाही, मग त्याने कितीही कवट्या कापून अभ्यास केलेला असो.

कोकणात आज जनावरं मरतात ती रायफलीने नाही हे मात्र खरं. मरतात फासकीने. डुकरासाठी बागेच्या कुंपणाला गाडीच्या क्लचची तार लावतात आणि त्यात अडकतो बिबट्या. कमरेत तार रुतलेला, रात्रभर ओरडणारा. वनखात्याची माणसं येईपर्यंत बघ्यांची जत्रा. जुन्या रायफलींवर एवढं लिहिता तर यावरही कुणी लिहा.

सडेकर

@पक्षीवेडी, बेलबद्दल तुमच्याशी वाद नाही. "अंगावर काटा येतो" असं मीही लिहिलंय. फासकीबद्दल तुम्हीच धागा काढा, तुम्ही त्या कामात आहात असं दिसतंय. मी येईन तिथे.

काजूवाला

सगळे इतिहासात रमलेत म्हणून जरा आजचं विचारतो. राजापूर तालुक्यात आमची काजूची बाग आणि खाली थोडी भातशेती. गेली काही वर्षं डुकरं इतकी वाढलीत की लावणी झाली की रात्री झोप नाही. सुरण, कणगरं, भुईमूग तर लोकांनी लावायचंच सोडलं. वरून केल्डी (माकडं), खालून डुकरं. शेतीसंरक्षणाची ठासणी वडिलांच्या नावावर आहे, पण तिचा उपयोग आवाजापुरता. शिवाय निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा, आणि डुकराला आचारसंहिता नसते.

तर प्रश्न असा: .३१५ किंवा ही सात एमएम शेतीसंरक्षणासाठी मिळू शकते का? लांबूनच बंदोबस्त झाला असता.

कोर्टाची_पायरी

काजूवाले, सरळ उत्तर: नाही.

शस्त्र कायदा १९५९, कलम १३. शेतीसंरक्षणासाठी कायद्याने डोळ्यांसमोर ठेवलेली बंदूक ठासणीचीच आहे. ती पुरेशी पडत नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तर तो गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मंजूर करू शकतो, म्हणजे तुमची बारा बोअर. नळीत पीळ असलेली रायफल या तरतुदीत बसतच नाही. तेव्हा अर्ज करायचाच तर एकनळी किंवा दुनळी काडतुसी बंदुकीचा करा आणि ठासणी का पुरत नाही याची कारणं, पंचनामे, नुकसानभरपाईचे जुने कागद सोबत जोडा.

दुसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. डुक्कर आता वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. २०२२ च्या दुरुस्तीआधी ते तिसरीत होतं. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी मिळू शकते, पण ती आधी हवी, नंतर नाही. आणि परवानगीने मारलेलं जनावरही सरकारचं. कलम ३९ बघा. वाटे घालून घरी नेलंत तर परवानगी असूनही गुन्हा. गवा पहिल्या अनुसूचीत आहे, त्याने कितीही पीक तुडवलं तरी पिकाच्या कारणावरून त्याला मारायची परवानगी कायद्यात नाही. त्याच्यासाठी भरपाईचाच अर्ज.

माका_काय

म्हणजे डुकर मारूचा, फोन करूचो, आणि साहेब येयसर वास घेत बसूचा. 😀

कोर्टाची_पायरी

हो, आणि नुसता फोन नाही, लेखी परवानगी, तीही डुक्कर मारायच्या आधी.

सडेकर

काजूवाले, कायद्याचं पायरीसाहेबांनी सांगितलंच. पण कायदा बाजूला ठेवला तरी रायफल आपल्याकडे नकोच, हे मी रायफलींचा भक्त असून सांगतो.

छर्रे पन्नास-साठ मीटरनंतर जोर गमावू लागतात. मोठे छर्रे त्यापुढेही काहीशे मीटर जातात, तेव्हा तिथेही मागे काय आहे ते बघायलाच हवं, पण रायफलीइतका पल्ला त्यांचा नाही. सात एमएमची टोकदार गोळी वर धरून सुटली तर तीन किलोमीटरच्याही पुढे जाते. आता तुमच्या बागेतून तीन किलोमीटरचं वर्तुळ काढा आणि त्यात किती वाड्या येतात ते मोजा. आपली वस्ती विखुरलेली, पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) या काठाला एक घर, त्या काठाला दोन. रात्रीच्या वेळी बॅटरीच्या उजेडात डुकराच्या मागे काय आहे ते दिसत नाही. त्यात आपली जमीन जांभ्याची. उघड्या कातळावर तिरकी बसलेली गोळी उसळते आणि कुठे जाईल ते तिलाच माहीत. दरवर्षी अंधारात डुक्कर समजून माणसावर बार काढल्याच्या बातम्या येतात, त्या बहुतेक छर्ऱ्यांच्या बंदुकांच्या. तिथे रायफल असती तर मागच्या अंगणातलाही एखादा गेला असता.

काजूवाला

हे पटलं. आमच्या मागेच शाळा आहे. बारा बोअरचा अर्ज टाकतो. भरपाईचे कागद वडिलांनी एका पिशवीत ठेवलेत, ते शोधायला हवेत.

दुनळी

बारा बोअर घेतलीत तर एक सांगतो, नळीत काय चाललं आहे ते दर पावसाळ्यात दोनदा तरी बघा. कागदी केसची काडतुसं दमट हवेत फुगली की नळीत अडकतात. डबा घट्ट झाकणाचा घ्या.

संपादक मंडळ

चर्चा चांगली चालू आहे. बंदुका-काडतुसांच्या खरेदी-विक्रीचे संपर्क आणि काडतुसं घरी भरण्याची माहिती या धाग्यावर देऊ नये. एक प्रतिसाद अप्रकाशित केला आहे.

चहाबिस्कीट

धागा वाचून आईशी बोललो आणि नवीनच प्रकरण निघालं. आजोबांच्या नावावर .३१५ होती. ते जाऊन दोन वर्षं झाली. रायफल मामाने तेव्हाच पोलीस ठाण्यात जमा केली, पावती आहे. पण आई म्हणते की माडीवरच्या पेटीत काडतुसांचा एक डबा अजून असणार, आणि त्यात काही "वेगळीच बारीक, जुनी" काडतुसं होती. सात एमएम असतील का? बघावीत असं फार वाटतंय. रायफल माझ्या नावावर करता येईल का?

कोर्टाची_पायरी

दोन वेगळे प्रश्न आहेत, एकेक घेतो.

डबा आधी. परवाना आजोबांचा होता, तो त्यांच्याबरोबर संपला. आता ती जिवंत काडतुसं घरात असणं म्हणजे बिनपरवाना दारूगोळा बाळगणं, मग ती .३१५ ची असोत नाहीतर सात एमएमची. कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जमा करायला हवीत. रायफल जमा केल्याची पावती आहे ही चांगली गोष्ट, तिची झेरॉक्स घेऊन मामांनी ठाण्यात लेखी कळवावं की पेटीत उरलेली काडतुसं सापडली आहेत, आणि ती कशी आणून द्यायची ते त्यांनाच विचारावं. एसटीत पिशवीत घालून न्यायची नाहीत. फोटो काढून इथे टाकायचाही मोह आवरा.

रायफल. वारसाच्या नावावर परवाना मागता येतो. २०१६ च्या शस्त्र नियमांत त्याची सोय आहे. मूळ परवानाधारक हयात असतानाही, तो सत्तरीचा झाला किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षं झाली तर वारसाकडे देता येतो, हे इतरांनीही लक्षात ठेवा, म्हणजे अशी धावपळ होत नाही. मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची ना-हरकत, जमा पावती, जुना परवाना एवढं गोळा करा. तुमच्या नावावर आधीच काही असेल तर २०१९ पासून एका माणसाला दोनच शस्त्रं. नवा परवाना पाच वर्षांचा मिळतो.

जुनेलोखंड

आणि ती पेटी उघडलीच तर काडतुसं घासूनपुसून चकचकीत करायला जाऊ नका. पितळावर हिरवट थर किंवा मानेशी केसासारखी रेघ दिसली तर डबा तसाच बंद करून ठेवा आणि ठाण्यात सांगताना तेही सांगा. त्यांच्याकडे नष्ट करायची पद्धत असते.

चहाबिस्कीट

मामाला फोन केला. तो म्हणतो पेटीची किल्ली मावशीकडे, मावशी डोंबिवलीला. शनिवारी ती येतेय, तेव्हा मामा आधी ठाण्यात जाऊन विचारून येईल. धन्यवाद पायरीसाहेब, ना-हरकतीचा नमुना असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

कोर्टाची_पायरी

केला आहे. मावशींची सहीही त्यावर लागेल, शनिवारीच उरकून घ्या.